ओल्या गोंदावरची काच

टवका मिस्त्री गिऱ्हाइकाला नाही म्हणण्यात पटाईत होता. गाडीची पुढची काच बदलली की गाडी रात्रभर त्याच्या शेडमध्ये राहायची आणि किल्ली त्याच्या पँटच्या खिशात. गिऱ्हाईक चिडो, हातापाया पडो, मोठ्या माणसांच्या ओळखी सांगो, किल्ली सकाळीच मिळायची. "गोंदाला तुमची घाई कळत नाही," एवढंच तो म्हणायचा आणि हात धुवायला निघून जायचा.

टवका हे टोपणनाव. तरुणपणी तो खिडक्यांच्या काचांच्या दुकानात हमालीला होता. एकदा टेम्पोतून मोठी काच उतरवताना त्याचा पाय घसरला. काच त्याने सोडली नाही, पण तोंड फाळक्यावर आपटलं आणि पुढचा अर्धा दात गेला. मालकाने येऊन काच तपासली. तोंडाकडे पाहिलंही नाही. पुढे मिस्त्री गाड्यांच्या काचांच्या कामात शिरला, खडा उडून पडलेले टवके भरू लागला, तेव्हा शेजारच्या टायरवाल्याने हे नाव चिकटवलं. "आरशात बघ की मिस्त्री, पहिलं गिऱ्हाईक तिथंच उभं आहे," हा त्याचा विनोद इतका जुना झाला होता की आता तो न हसताच करायचा.

टवका भरणं हे शांत डोक्याचं काम. टवक्यातली धूळ काढायची, ओल सुकवायची, वर छोटा पंप बसवून पातळ रेझिन आत दाबायचं आणि हवेचा बुडबुडा बाहेर पडेपर्यंत थांबायचं. मग दिव्याखाली ते कडक होऊ द्यायचं. घाई केली तर बुडबुडा आतच राहतो आणि तिथूनच पुढे तडा चालू लागतो. मिस्त्रीने भरलेला टवका शोधायला बोट फिरवावं लागे. हे त्याने स्वतः कधी कुणाला सांगितलं नाही, पण कुणी बोट फिरवलं की तो तिरका होऊन बघायचा.

जावयाच्या गाडीवरचा टवका त्याला भरायला मिळालाच नाही. लेकीने फोनवर सांगितलं होतं, "बाबा, ट्रकखालून खडा आला. टवका मसुराच्या डाळीएवढा आहे."

"वर चिकटपट्टी लाव. पाणी जाऊ देऊ नकोस. आणि इकडे घेऊन या."

चिकटपट्टी तिने लावली. ती डोळ्यांसमोर येते म्हणून जावयाने काढली. थंडीचे दिवस होते. एका सकाळी काचेवर दव गोठलं म्हणून त्याने आतून गरम हवा पूर्ण सोडली आणि डाळीतून निघालेला तडा बघता बघता काचभर पसरला. ते दोघं चार वर्षांच्या नातीला घेऊन मिस्त्रीकडे आले तेव्हा नात मागच्या सीटवरून ओरडली, "आजोबा, आमच्या गाडीवर कोळी बसलाय!"

मिस्त्रीने काच पाहिली. भरण्यापलीकडे गेली होती. "बदलावी लागेल," तो म्हणाला. "मुक्काम आहे ना?"

"परवापर्यंत आहोत बाबा," जावई म्हणाला. "सावकाश करा."

सावकाश करा, हे कुणी म्हटलेलं मिस्त्रीने फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आणि त्याची बायको कामाला लागले. जुनी काच गोंदातून कापून काढायला तार लागते. एकाने गाडीत बसायचं, एकाने बाहेर उभं राहायचं आणि करवतीसारखी तार आळीपाळीने ओढत काचेच्या कडेने फिरायचं. लग्न झाल्यापासून आतलं टोक बायकोच्या हातात होतं.

"ओढा की. का बाहेर झोप लागली?"

"अगं, कोपरा आलाय. हळू. रंग खरवडशील."

"इतक्या वर्षांत कधी खरवडलाय?"

"ती लाल गाडी."

"ती तुम्ही!"

काच सुटली. मिस्त्रीने आणि टायरवाल्याने ती रबरी पकडींनी उचलून भिंतीला टेकवली. मग पत्र्यावरचा जुना गोंद तासून पातळ थर ठेवायचा, उघड्या पत्र्याला औषध लावायचं, नव्या काचेच्या कडा पुसायच्या. मिस्त्रीने हे सगळं नेहमीपेक्षा जास्त वेळ घेऊन केलं. लेकीची गाडी होती. शेवटी बंदुकीसारख्या नळीतून काळ्या गोंदाची लड त्याने एका दमात चौकटभर ओढली. मध्ये हात थांबला तर तिथे जोड राहतो आणि जोडातून पाणी येतं. उरलेला गोंद त्याने पुठ्ठ्यावर पिळून ठेवला, वाळला की नाही ते दाबून बघायला. काच ठेवायची ती एकदाच. टेकली की सरकवायची नाही. ती टेकली. मिस्त्रीने श्वास सोडला, काच वरून चौकटीला टेपांनी धरली आणि खालची प्लास्टिकची पट्टी बसवली.

"आता उद्यापर्यंत दारं आपटायची नाहीत," त्याने नातीला सांगितलं. "दार आपटलं की आतली हवा काचेला ढकलते."

"कोळी कुठे गेला?"

"तो बघ, भिंतीला टेकून बसलाय."

जेवणं होत होती तेव्हा जावयाचा फोन वाजला. तो एका गोदामात पाळीने कामाला होता. बोलायला तो अंगणात गेला आणि परत आला तेव्हा त्याने ताट पुढे ओढलं नाही.

"निघावं लागेल बाबा. पहाटेच्या पाळीचा माणूस आजारी पडलाय. साहेब म्हणतात, आज संध्याकाळीच येऊन तोंड दाखव, नाहीतर येऊच नकोस."

"कधी निघायचं?"

"आत्ता."

मिस्त्रीने हातातला घास ताटात ठेवला. "गोंद ओला आहे."

"हळू नेतो."

"हळूचा प्रश्न नाही. जोरात ब्रेक दाबला, खड्ड्यात आदळली, तर काच सुटेल. समोरचा एअरबॅगचा फुगा उघडतो तो काचेवर टेकूनच उघडतो. काचच नसली तर तो काय करणार?"

"बसने गेलात तर?" सासूबाईंनी विचारलं.

"शेवटची बस गेली, आई. पुढची उद्या सकाळी. ती दुपारी पोचते."

मिस्त्री उठून टायरवाल्याकडे गेला. "तुझी पिकअप दे. उद्या आणून देतील."

टायरवाल्याने बोट दाखवलं. पिकअप जॅकवर होती आणि मागची चाकं दाराशी पडली होती. "बेअरिंग यायचंय. बैल जुंपून देऊ का?" मग मिस्त्रीचा चेहरा पाहून तो म्हणाला, "अरे, किल्ली देऊ नकोस ना. आम्हाला देतोस का कधी?"

"तू जावई नाहीस."

"नशीब तुझं."

जावई गाडीशी उभा होता. त्याने बॅग आत ठेवली होती आणि दार न आपटता, दोन्ही हातांनी दाबून लावलं होतं. ते मिस्त्रीने पाहिलं. जावई वाईट माणूस नव्हता. गेल्या महिन्यात गोदामातून दोघांना घरी पाठवलं होतं आणि तेव्हापासून तो फोन वाजला की आधी घड्याळ बघायचा. त्याने हात पुढे केला. मागितलं काहीच नाही. जावयाने मागायचं आणि सासऱ्याने हुज्जत घालायची, हे दोघांनाही जमणारं नव्हतं.

ज्या खिशातून मोठ्या मोठ्या माणसांना किल्ली मिळाली नव्हती, त्या खिशात मिस्त्रीने हात घातला. थोडा वेळ हात तिथेच राहिला.

"जावईबापू, नोकरी दुसरी मिळेल," तो कसाबसा म्हणाला.

"कुठे, बाबा?"

मिस्त्रीने किल्ली दिली.

मग तो लेकीकडे वळला. "तुम्ही दोघी राहा. परवा मी बसने आणून सोडतो."

लेक नवऱ्याकडे बघत होती. तिने वडिलांना शेडच्या कोपऱ्यात नेलं. "मी गेले नाही तर हे जोरात चालवतील. डोक्यात पाळीच असेल यांच्या. मी शेजारी असले की हळू जातात."

"तू मागे बस तरी."

"मागे बसून कसं सांगणार?" तिने मुलीकडे पाहिलं. "हिला ठेवते तुमच्याकडे."

ही पोर नातीला एक दिवस कुणाकडे ठेवत नसे. तिच्या सासूने मागितली तरी काही ना काही कारण काढायची. आज ती आपण होऊन ठेवत होती, म्हणजे वडिलांचा शब्दन् शब्द तिला पटला होता. पटला होता आणि तरी ती निघाली होती.

"खिडकी बोटभर उघडी ठेव," तो म्हणाला. "दार लागलं तरी हवेला वाट मिळते. टेप काढू देऊ नकोस. आणि खड्डा दिसला की..."

"माहीत आहे बाबा. तुमच्याच शेडमध्ये वाढले."

गाडी निघाली. कोपऱ्यावर वळेपर्यंत काचेवरच्या पांढऱ्या टेपा दिसत होत्या. नात आजीच्या कडेवरून हात हलवत राहिली आणि गाडी दिसेनाशी झाल्यावर आई आपल्याला ठेवून गेली हे तिच्या लक्षात आलं. मग तिने जो सूर लावला तो बराच वेळ थांबला नाही.

मिस्त्री शेडमध्ये येऊन बसला. समोर जुनी काच भिंतीला टेकलेली. तडा गेलेली, पण कडेने धरून होती ती शेवटपर्यंत. सकाळी दोघांनी घाम गाळला तेव्हा कुठे सुटली. अशी काच फुटली तरी मधल्या प्लास्टिकच्या पापुद्र्याला चिकटून राहते. तीच असती तर आज गाडी बिनघोर गेली असती. घट्ट होती ती काढून सैल बसवली, आणि चांगलं काम केलं म्हणून वर समाधानही मानलं.

"तशीच राहू द्यायला हवी होती," तो बायकोला म्हणाला.

"तुम्हाला काय स्वप्न पडलं होतं का फोन येणार म्हणून?"

"तरी."

"तरी काय! तार मीच ओढली ना? मग मलाही बोला."

दुपारभर त्याने दुसरं काम घेतलं नाही. एक गिऱ्हाईक टवका घेऊन आलं, त्याला उद्या ये म्हणून सांगितलं. पुठ्ठ्यावरचा गोंद तो मधूनमधून अंगठ्याने दाबून बघत होता. वर साय धरली होती. खाली लोण्यासारखा. थंडीत तो आणखी सावकाश वाळतो. बाहेर ऊन होतं, पण त्यात दम नव्हता. मिस्त्री ऊन कुठवर आलंय ते बघत होता, जसं काही ते रेटता येणार होतं. टायरवाला एकदा येऊन शेजारी बसला. त्याने टवक्याचा विनोद केला नाही, त्यामुळे मिस्त्रीला जास्तच भीती वाटली.

दिवेलागणीला फोन आला. बायकोने धावत जाऊन उचलला आणि ऐकलं. "पोचले," ती म्हणाली आणि फोन पुढे केला.

"बाबा, पोचलो." लेक हळू आवाजात बोलत होती.

"खिडकी?"

"बोटभर उघडी होती. मळमळतंय म्हटलं यांना. त्यामुळे चालवलीही हळू."

"ब्रेक?"

"एकदाच. कुत्रं आडवं आलं." मग तिने आवाज आणखी खाली आणला. "मी दोन्ही हात लावून धरली होती काच. आतून. सगळी वाटभर."

दोन तळहातांनी काही धरलं जात नाही, हे मिस्त्रीला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. डोळे मिटून तो म्हणाला, "बरं केलंस."

मग फोन जावयाकडे गेला. "बाबा, एक सांगायचं होतं. डावीकडून काच सूतभर खाली आलीय. वर फट दिसते."

"टेप?"

"चहाला थांबलो तेव्हा काढल्या. फडफडत होत्या समोर." मग जरा अडखळून, पण आदराने, तो म्हणाला, "घरचं काम म्हणून तुमची थोडी घाई झाली का?"

बायको समोर उभी होती. तिला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. तिने तोंड उघडलं. मिस्त्रीने हाताने तिला थांबवलं. आता खरं-खोटं केलं असतं तर त्या घरात रात्री कुणाला ऐकून घ्यावं लागलं असतं, ते त्याला कळत होतं.

"हो," तो म्हणाला. "माझंच काहीतरी राहिलं."

"असू दे हो. इथे आहे एक जण. त्याला दाखवतो."

"दाखवा. पण त्याला म्हणावं, काच पूर्ण काढ, गोंद तासून नव्याने भर. वरून नुसता थापू नकोस."

"बघतो. तो म्हणेल तसं करू."

फोन बंद झाला. तो माणूस वरून थापणार, हे मिस्त्रीला ठाऊक होतं. थापलेलं छान दिसतं आणि लवकर होतं. बाहेरून ती फट दिसेनाशी झाली की जावयाचं समाधान होईल. आणि सुट्टी मिळाली की नातीला न्यायला दोघं त्याच गाडीतून येतील.

नात झोपेला आली होती. "आई आली का?"

"पोचली," मिस्त्री म्हणाला.

"इकडे?"

"नाही. तिकडे."

तिला कडेवर घेऊन तो शेडचं दार लावायला गेला. जाता जाता त्याने पुठ्ठ्यावरच्या गोंदावर अंगठा दाबला. साय जाड झाली होती, पण अंगठा आत गेलाच. काढला तेव्हा तिथे खळगा राहिला. तो भरून येतो का ते बघत मिस्त्री नातीला घेऊन तसाच उभा राहिला.