पेंढ्याच्या टेंपोमागचा सीझन

परवा रविवारी चौक गावी गेलो आणि सायकल विकून आलो. खालापूरचे एक शिक्षक आले होते. त्यांनी टायर दाबून बघितले, एक चक्कर मारली आणि घेऊन गेले. हायवेच्या कडेला ढाब्यासमोर मी लाल हेल्मेट हातात धरून उभा… ते त्यांच्या डोक्याला बसलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वय त्रेचाळीस, राहायला कर्जत, नोकरी साजगावच्या एका कारखान्यात. चार वर्षं हौशी सायकल रेसमध्ये उतरतोय आणि चार वर्षांत एकही रेस पूर्ण केलेली नाही. या वर्षी घरात सगळ्यांसमोर बोलून बसलो की एक तरी रेस संपवणार, नाहीतर सायकल विकणार. कोणी विचारलंही नव्हतं, माझीच हौस.

तयारी मात्र जोरात होती. रोज सकाळी कर्जतहून चौक, तिथून जुन्या हायवेने खोपोली आणि मग घरी. चौक ते खोपोली माझा टाइम सायकलिंगच्या ॲपवर इतका भारी यायचा की आमच्या ग्रुपमध्ये माझं नाव सगळ्यात वर, तरण्या पोरांच्याही वर. त्याच टाइमच्या भरवशावर मी या सीझनची स्वप्नं बघितली.

आता खरं सांगतो… आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. त्या रस्त्याला रोज त्याच वेळेला पेंढ्याने शिगोशीग भरलेला एक टेंपो असायचा. मी त्याच्या मागे लागायचो. समोरचा सगळा वारा तो अंगावर घ्यायचा आणि मी मागे निवांत पेडल मारायचो. घरी आलो की बायको शर्टावरचा पेंढा झटकत विचारायची, "सायकलवरून आलास की गोठ्यातून?"

रेसमध्येही लोक एकमेकांच्या मागे राहूनच वारा चुकवतात, मग यात काय बिघडलं… अशी मी स्वतःची समजूत घातली होती. ॲपला थोडाच टेंपो दिसतो! आणि हळूहळू मलाही तो दिसेनासा झाला. तो टाइम माझाच आहे असं मला मनापासून वाटायला लागलं.

पहिल्या रेसला पंधरा मिनिटांत सगळा घोळका पुढे निघून गेला. मोकळ्या रस्त्यावर मी आणि समोरून वारा. माझा खरा वेग किती आहे ते मला त्या दिवशी कळलं, आणि कळूनही मी ते मान्य केलं नाही.

दुसऱ्या रेसला पंक्चर झालं. खोटं कशाला बोलू, पंक्चर झालं तेव्हा मला हायसं वाटलं. सांगायला कारण मिळालं ना! इथे पोस्ट टाकली, तुम्ही सगळ्यांनी भरभरून धीर दिलात… त्या कमेंट्स मी अजून पूर्ण वाचलेल्या नाहीत. लाज वाटते.

तिसरी रेस घाटाची. ठरलेल्या वेळेत वर पोचला नाहीत तर मागून येणारी गाडी तुम्हाला उचलते. तशी ती माझ्या शेजारी येऊन थांबली. "काका, बसा आता. रस्ता मोकळा करायचाय." मी म्हटलं, दोनच वळणं राहिलीत. गाडीतल्या माणसाने उतरून माझ्या पाठीवरचा नंबर काढून घेतला.

वर बायको आणि मुलगी फोन उघडून शूटिंगच्या तयारीत उभ्या होत्या. मी गाडीतून उतरलो. मुलीने गुपचूप फोन पर्समध्ये ठेवला. रात्री जेवताना भाजी छान झालीये एवढंच मी बोललो.

त्यानंतर सायकलला हात लावावासा वाटला नाही. आपण फसलो याचं दुःख एक, पण फसवणारेही आपणच… मग राग काढायचा तरी कोणावर? शेवटी घरात बोललो होतो त्याप्रमाणे परवा ती विकली.

तर मी हेल्मेट घेऊन उभा होतो आणि शेजारच्या गॅरेजमधून हाक आली. "ओ लाल टोपीवाले! सायकल कुटं हाय?"

तोच टेंपो. रिकामा, दुरुस्तीला आलेला. बाजूला पन्नाशीचा ड्रायव्हर, हात ग्रीसने माखलेले. नाव शांताराम. मी कसंनुसं हसून म्हटलं, "तुम्ही मला ओळखता?"

"वळखतो म्हंजी? आरशात रोज तुमची टोपी दिसायची. तुमी मागं हाय म्हनून मी कदी कचकन ब्रेक नाय दाबला. खड्डा आला का लांबनंच गाडी बाजूला घ्यायचो. आन् मधल्या चढाला तुमी मागं ऱ्हायचा, तवा दुसऱ्या गिअरवर यायचो… तुमी परत लागलात का मग पुडं."

मी तिथल्या बाकड्यावर बसलो. चढावर टेंपोला मी माझ्या जोरावर गाठतो, निदान तो चढ तरी माझा आहे असं मला वाटत होतं. तोही माझा नव्हता.

"पण कशाला एवढं?" मी विचारलं.

"एकलाच असतो ओ गाडीत," तो म्हणाला. "कुनीतरी संगती हाय, बरं वाटायचं. म्हैनाभर दिसला नाय, मला वाटलं पडलात का काय."

सायकल विकली हे सांगायला मला जड गेलं. तो मान हलवून म्हणाला, "गाडी झालीच हाय. बसा, खोपोलीला सोडतो, तिथनं कर्जतची लोकल घ्या."

आयुष्यात पहिल्यांदा त्या टेंपोत पुढे बसलो. पायाशी पेंढ्याच्या काड्या, मांडीवर हेल्मेट.

घरी आल्यावर ॲपवरून तो टाइम काढून टाकला. ग्रुपमधल्या पोरांनो, माफ करा. तुमच्या वर मी कधीच नव्हतो… आणि शांताराम, तुम्ही हे वाचणार नाही, तरी आभार.

कारण परवा तो मधला चढ आला तेव्हा टेंपो रिकामा होता, रस्ता मोकळा होता. तरी तुम्ही सवयीने दुसरा गिअर टाकला आणि आरशात बघितलं.