निळ्या दारातले बोंबील

माझा धाकटा भाऊ आयर्लंडला गेला आणि तिथून त्याने पहिली फुशारकी मारली ती घराच्या कोडाची. तिकडे म्हणे प्रत्येक घराला स्वतःचा पिनकोड असतो, सात अक्षरं-आकड्यांचा. तेवढा टाकला की ऑनलाइन मागवलेलं सामान थेट दारात येतं. मुरबाडच्या आडबाजूला आमची वाडी आहे. आमच्या एका पिनकोडात डोंगर, ओढा आणि कितीतरी गावं बसतात. काही मागवलं की डिलिव्हरीवाला फोन करतो, "फाट्यावर या." नाहीतर पार्सल टपरीवर टाकून जातो आणि वर येणारा कुणीही ते घेऊन येतो.

आईने तो कोड पाठ केला. तिला इंग्रजीचं अक्षर येत नाही, पण तांदूळ निवडताना ती तो पुटपुटायची. मला तिचा राग यायचा. घरात राबणारा मी, माझा मोबाइल नंबर तिला कधी पाठ झाला नाही.

दिवाळी जवळ आली की तिकडच्या एका भारतीय वाणसामानाच्या दुकानात ऑर्डर टाकायचं काम माझं. रव्याचे लाडू, चकली आणि धाकट्याचा जीव की प्राण असलेले सुके बोंबील. कोड आई सांगायची, मी टाकायचो. माल पोचला की दुकानवाले फोटो पाठवत: निळं दार, पायरीवर खोका. आई तो फोटो सगळ्या आळीला दाखवायची. "माझ्या पोराचा दार," म्हणायची. मग धाकट्याचा फोन यायचा. "आये, बोंबील भाजले गो, आख्ख्या बिल्डिंगला वास सुटला!" आई दोन दिवस हवेत असायची.

गेल्या वर्षी भात कापणीच्या सुमारास त्या दुकानातल्या बाईचा मला फोन आला. ऑर्डरवर नंबर माझा होता. हिंदीत, फार अदबीने ती म्हणाली, त्या घरातले लोक तुमचे आभार मानतात, लाडू त्यांच्या मुलांना फार आवडतात, पण मासे नका पाठवू, वास जात नाही. मी विचारलं, कुठले लोक? तिथलीच माणसं, ती म्हणाली, दोन वर्षं झाली त्यांना त्या घरात. आधीचा भाडेकरू कधीच सोडून गेला.

आमच्याकडे घराला माणसाचं नाव असतं. तो माणूस ओढ्यापलीकडे नवं घर बांधून राहिला की नावही त्याच्याबरोबर जातं आणि टपरीवाला पार्सल तिकडे धाडतो. कोडाचंही तसंच, तो भावाबरोबर फिरतो, असं आम्ही धरून चाललो होतो. तो तर भिंतींना चिकटलेला निघाला.

मी आईला सगळं सांगितलं. तेव्हा मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. ती रडेल, त्याला शिव्या घालेल, असं वाटलं होतं. तिने विळा बाजूला ठेवला आणि विचारलं, "त्यांची पोरं केवढी हायत?" मला काय माहीत! मग म्हणाली, "त्याला काय बोलू नको."

दिवाळीला तिने मला नेहमीसारखी ऑर्डर टाकायला बसवलं. तोच कोड. लाडू दुप्पट. बोंबील मात्र नकोत म्हणाली.

भाऊबीजेला धाकट्याचा फोन आला. आईने स्पीकर लावायला सांगितलं.

"आये, सगळा मिळाला. लाडू एकदम मऊ. आनि बोंबील तर काय सांगू, कालच भाजून खाल्ले."

आईने त्याला मधे तोडलं नाही. भाकरी, ठेचा, कांदा, सगळं त्याला सांगू दिलं. तो हसून थांबला तेव्हा ती म्हणाली, "औंदा बोंबील धाडलेच नाय रे."

मग त्याची सारवासारव सुरू झाली. घर बदललं, सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर तू इकडेही बोंबील पाठवत राहिली असतीस. आणि शेवटी खरं बाहेर आलं, "इथं घरात आता तो वास चालत नाय गो, आये."

"त्यांनापन चालत नाय," आई म्हणाली. "म्हनून त्यांना नुसते लाडूच धाडले. पोरं खातात त्यांची."

धाकटा घाईघाईने म्हणाला, "आये, नवा कोड सांगतो. दादाला लिहून घ्यायला सांग." मी पेन शोधायला उठलो, तर आईने माझा हात धरून मला खाली बसवलं.

"ऱ्हाऊ दे," ती फोनला म्हणाली. "मला एकच पाठ हाय."