दिवाळखोरीचे पेढे

लवळ्याच्या आमच्या कॉलेजची बस चालवणाऱ्या या माणसाला नकार देताच येत नाही. थांबा नसताना कुणी हात केला, तरी "व्हय, चढा की!" म्हणत तो गाडी थांबवतो. अशाच एका 'व्हय'पायी तो मेव्हण्याच्या कर्जाला जामीन राहिला. मेव्हण्यानं हप्ते बुडवले आणि जप्ती आली ती याच्या पगारावर. बँकेतलं खातंही गोठलं. शेवटी यानंच कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज केला. तो मंजूर झाला, तशी जप्ती थांबली.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये पेढे! माझा पेढा हातातच राहिला. "अहो, दिवाळखोरीचे कुणी पेढे वाटतं का?"

तो आरशातून हसला. "सर, आता माझी सही कुटलीच बँक घेत न्हाई. कुनाला न्हाई म्हनायची पाळीच सरली!"