सर्चसाठी घेतलेलं कुलूप

नेरूळच्या सारसोळे गावात माझी शेड आहे. फायबरच्या होड्यांची डागडुजी मी जन्मभर तिथेच केली. खाडीत होड्या कमी झाल्या तसं सोसायट्यांच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांचं काम घेतलं. होडीत पाणी आत येतं, टाकीतून बाहेर जातं. काम तेच, मान कमी.

तीही कामं आटली तेव्हा मुलगा म्हणाला, शेड पार्सलवाल्याला गोडाऊनसाठी भाड्याने देऊ. पार्सलवाला येऊन मापं घेऊन गेला. त्याने टेप माझ्या मांडीवरून नेली. मी उठलो नाही.

सून मध्ये पडली. ती साताऱ्याकडची, ऐरोलीला ऑफिसात लोकांच्या वेबसाइटी दुरुस्त करते. ती मुलाला म्हणाली, "दिवाळीपर्यंत थांब. आपली वेबसाइट नीट करते. तरी कामं नाही आली तर दे शेड."

वेबसाइट मुलाने कोणाकडून तरी करून घेतली होती. ती सर्चमध्ये कोणालाच दिसत नव्हती. सुनेने एका रविवारी ती तपासली आणि दुखणी सांगितली. फोटो इतके जड, की पान उघडेपर्यंत माणूस दुसरीकडे जातो. मोबाईलवर अर्धं पान कापलं जातं. काही लिंका कुठेच जात नाहीत. फोन नंबर फोटोत रंगवलेला, त्यावर बोट ठेवलं तर फोन लागत नाही.

"तुमच्यासारखंच काम आहे, बाबा," ती म्हणाली. "गळती शोधायची आणि बुजवायची."

"वेबसाइट बुडली तर कोन मरतं काय गो?"

"नाही."

"मग सारखं नाय."

पहिलं भांडण माझ्या फोटोवरून झालं. तिला तो हलका करायचा होता. माप तेच राहील म्हणाली, म्हणून करू दिला. चेहऱ्यात फरक पडला नाही. दुसरं भांडण शब्दांवरून. पानाच्या माथ्यावर 'होडीचे कारागीर' असं मी लिहून घेतलं होतं. तिला तिथे 'पाण्याच्या टाकीची गळती दुरुस्ती, नेरूळ' हवं होतं.

"लोक हेच टाइप करतात, बाबा."

"लोक चुकतात."

"चुकू देत. पण शोधतात ते हेच."

शेवटी टाकी वर गेली, होडी खाली आली. मी त्या दिवशी तिच्या हातचा चहा घेतला नाही. रागाने नाही, मला नको होता.

पान पटकन उघडायला लागलं. सर्चमध्ये आम्ही तळातून वर सरकलो, एका सोसायटीचा फोनही आला. तेव्हा ती म्हणाली, आता नकाशावर आपल्या शेडला रिव्ह्यू हवेत. ज्यांच्या टाक्या केल्यात त्यांना एकेक करून विचारा. मी शाळा दुसरीत सोडली ती मास्तरापुढे छडीसाठी हात पसरायला नको म्हणून. एकेकाच्या दारात जाऊन तारे मागणं माझ्याच्याने होणार नव्हतं.

त्या आठवड्यात पुतण्याची हळद होती. सगळं गाव मांडवात. मी बेंजोवाल्याच्या हातातला माईक घेतला आणि सांगितलं, सगळ्यांनी मोबाईल काढा, आपल्या शेडला पाच तारे द्या. तारे दिल्याशिवाय ताट मिळनार नाय. गावाने तारे दिले. ज्यांच्या घरी टाकीच नाही त्यांनी टाकी झकास झाली म्हणून लिहिलं. एकाने 'वधूवरांना शुभेच्छा' लिहिलं, तरी तारे पाचच दिले.

दोन दिवसांनी शेड नकाशावरून गेली. एकाच मांडवातून इतके तारे आले म्हणजे ते खोटे, असं त्या सर्चवाल्यांचं मत पडलं. एकाच मांडवात एका गावाची माणसं बसतात, यात खोटं काय आहे ते मला अजून पटलेलं नाही. सून डोक्याला हात लावून बसली. मुलगा म्हणाला, "बाबा, पार्सलवाल्याला बोलावतो."

"दिवाळी आली काय?" मी विचारलं.

सुनेने सर्चवाल्यांना लिहिलं. त्यांनी व्हिडिओ मागितला. त्यात रस्ता दिसला पाहिजे, शेडचा बोर्ड दिसला पाहिजे, आणि फक्त मालकच करू शकतो असं काहीतरी करून दाखवायचं.

"पोराला शिव्या घालून दाखवतो," मी म्हटलं.

"कुलूप उघडून दाखवा," ती म्हणाली.

शेडला कुलूप नव्हतं. बोर्डही नव्हता. सारसोळ्यात मला ओळखायला बोर्ड लागत नाही, आणि फायबरची धूळ चोरायला कोणी येत नाही. बोर्ड मी स्वतःच रंगवला. त्यावर होडी वर, टाकी खाली. कुलूप वाशीहून आणलं. शेड बंद केली आणि तिच्या मोबाईलसमोर आपल्याच शेडपुढे चावी लावत उभा राहिलो. नवं कुलूप, लवकर उघडेना. शेजारीण सुकट निवडत बसली होती. तिने विचारलं, "कोनाची शेड फोडतंस रं?" ते आवाजासकट व्हिडिओत गेलं. सून म्हणाली, परत करू. मी म्हटलं, तसाच पाठव. तिने परत करायला लावला.

काही दिवसांनी शेड नकाशावर आली. गावाचे तारे मात्र त्यांनी परत दिले नाहीत. मग सून स्वतः जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून विचारत गेली. मी फक्त नंबर दिले. टाक्यांचे फोन यायला लागले.

पार्सलवाला दिवाळीच्या तोंडावर आला. मुलगा बाहेर त्याच्याशी बोलत होता. मी आत एका टाकीचं झाकण घासत होतो, त्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं आणि मी घासणं थांबवलं नाही. मग पार्सलवाल्याचा टेम्पो वळून गेलेला दिसला. मुलगा आत आला.

"बाबा, टाक्यांच्या कामाला हार्डनर किती आनू?"

"लागंल तेवढा. आन तारीख बघून आन, मागल्या टायमाला जुना आनलास."

त्याने बाईकची चावी घेतली.