नीतिमानांची पाळी

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, कोर्नेलियस टेव्स, आयुष्यात कधी खोटं बोलला नाही, आणि ही गोष्ट त्याने आम्हाला कधी विसरूही दिली नाही. दारू नाही, तंबाखू नाही, शिवी नाही. घोड्यालासुद्धा तो "चल रे भल्या प्राण्या" म्हणून हाकायचा. घोडा जागचा हलत नसे, तो भाग वेगळा. कोल्होजच्या, म्हणजे सरकारी सामुदायिक शेतीच्या, दिवसांत त्याला कम्युनिस्ट पक्षात ये म्हणून सांगायला वरचा साहेब आला, तर याने साहेबालाच पश्चात्ताप करायला सांगितलं. त्यापायी ट्रॅक्टर गेला आणि डुकरांचा गोठा नशिबी आला. तिथे त्याने डुकरांना शिस्त लावली. प्राणिमात्रांना सुधारण्याची हौस त्याला तिथेच लागली असं माझं मत आहे.

तलासच्या खोऱ्यातलं आमचं ब्लूमेनहोफ. किर्गीझ शेजारी त्याला नेमिस-आयिल म्हणतात, म्हणजे जर्मनांचं गाव. आता नावापुरतेच जर्मन उरलेत. सोव्हिएत राज्य मोडलं तसा जो तो घरदार विकून जर्मनीला निघाला. मागे राहिलो ते दोन प्रकारचे: ज्यांचे कागद झाले नाहीत ते, आणि ज्यांना देवाने इथेच थांबा म्हणून सांगितलं ते. कोर्नेलियस दुसऱ्या प्रकारचा. माझ्या बहिणीला, साराला, देवाने असं काही सांगितलं नव्हतं, पण तिला कोणी विचारलंही नव्हतं.

कोल्होज मोडला, जमिनी वाटल्या गेल्या, आणि सगळ्या खोऱ्याने राजमा लावला. राजम्याची एक खोड आहे. फुलावर आला की त्याला पाणी हवं म्हणजे हवंच. नेमका तेव्हाच डोंगरावरचा बर्फ आटत आलेला असतो आणि पाट अर्ध्यावर येतो. जुना पाटकरी जो पाजेल त्याच्याकडे पाणी वळवायचा. शेवटी गावसभा भरली. गावच्या तंट्यांचा निवाडा करणाऱ्या अक्सकालांमधला थोरला म्हातारा, इशेनबाय, उठून म्हणाला, "कोर्नेयला करा. तो पीत नाही, खात नाही, आणि त्याला मित्र पण नाहीत. असा पाटकरी शोधून सापडायचा नाही."

अशा रीतीने एकमताने कोर्नेलियसच्या हातात फावडं आलं.

पहिलं वर्ष छान गेलं. वरच्या शेतापासून खालच्या शेतापर्यंत ठरलेल्या क्रमाने पाणी. मग दुसऱ्या वर्षी आमच्या पाळकांनी, यान्सेनसाहेबांनी, एक उपदेश केला. देवाला तुमची गाणी नकोत, तुमचे सण नकोत. त्याला न्याय हवाय, आणि तो ओढ्यासारखा वाहता हवाय, असं कुणा संदेष्ट्याचं वचन त्यांनी घेतलं आणि ते त्यावर तासभर बोलले. आम्ही बायका आमच्या बाजूच्या बाकांवर बसून नूडल्सचं पीठ मळायचंय हे आठवत होतो. कोर्नेलियस मात्र पुढे वाकून ऐकत होता. पाळक आपले उपमा देऊन मोकळे झाले. माझ्या मेव्हण्याने ती फावड्यावर घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटाच्या आमच्या फाट्यावर त्याने नवा क्रम सांगितला. किर्गीझांच्या पाळ्या होत्या तशाच. त्यांचा हिशेब त्यांचा देव बघेल. पण न्यायाची सुरुवात देवाच्या घरापासून होते, म्हणून मंडळीतल्या, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरातल्या, लोकांना पाणी नीतीप्रमाणे मिळेल. जो मंडळीत चांगल्या नावाचा, तो आधी. ज्याच्यावर मंडळीची शिस्त, म्हणजे शिक्षा, लागलीय, तो शेवटी.

"दाजी," मी म्हटलं, "देव तर चांगल्या-वाईट सगळ्यांवर सारखाच पाऊस पाडतो, असं वाचतो ना आपण?"

"पाऊस देवाचा," तो म्हणाला. "पाट माझा."

तेव्हा आमच्यात शिस्त एकट्या टीनामावशीवर होती. युस्टिना पेनर, म्हातारी, विधवा, पाटाच्या बाजूला अर्धा एकर राजमा, दुसरं काही नाही. तो राजमा गेला की तिचा हिवाळा गेला. तिचा अपराध असा: शेजारचा सातिबाल्दी वारला, तेव्हा ती त्याच्या दारी गेली, आणि दुआ झाल्यावर किर्गीझ बायकांबरोबर तिनेही दोन्ही तळवे उघडले आणि चेहऱ्यावरून फिरवले. हे कोर्नेलियसने स्वतः पाहिलं आणि मंडळीत सांगितलं. तोही मयताला गेला होता. आपले हात चुकून वर जाऊ नयेत म्हणून ते त्याने सगळा वेळ खिशात ठेवले होते.

सभासदांच्या सभेत तिला विचारलं, पश्चात्ताप होतो का.

"कशाचा?" टीनामावशी म्हणाली. "माझा याकोब गेला तेव्हा माघाची थंडी होती, जमीन लोखंड झाली होती. तुम्ही सगळे पुरुष देवाच्या कामाला अधिवेशनाला गेला होता. सातिबाल्दीने कुदळ घेतली आणि एकट्याने कबर खणली. त्याच्या दारात मी काय हात बांधून बसू?"

पाळक म्हणाले की भावना कळते, पण सिद्धान्ताचा प्रश्न आहे. आमच्याकडे माणसाची भावना नेहमी कळते. मग तिचं प्रभुभोजन बंद झालं आणि ती मागच्या बाकावर गेली. भाकर आणि पेला तिच्यासमोरून पुढे जायचे. पेला घेऊन फिरणारा सेवक कोण, हे सांगायला नकोच. तो येताना मावशी गुडघ्यावरची किरमिजी शाल नीट करत बसायची.

आणि आता पाणीही गेलं. फुलावर आलेल्या राजम्याला शेवटची पाळी म्हणजे चिखलाचा वास. साराने नवऱ्याला समजावलं, मी टोमणे मारले, भिंतीवर डोकं आपटलं असतं तर भिंत तरी हलली असती. "मी कोण न्याय करणारा?" तो म्हणायचा. "मी नुसतं फावडं आहे." टीनामावशी रोज बांधावर येऊन उभी राहायची. फुलं सुकून गळत होती. ती कोर्नेलियसला काही म्हणायची नाही, आणि मला त्याचाच राग यायचा. एवढं कशाला सोसायचं माणसाने? पण ती माझ्यासारखी तोंडाळ नाही.

मग सातिबाल्दीच्या बायकोची, बुरुलची, पाळी आली. बुरुलने आपल्या शेतात पाणी घेतलंच नाही. भर दुपारी तिने बांध फोडला आणि सगळा लोट टीनामावशीच्या सऱ्यांत सोडला. कोर्नेलियस धावत आला. बुरुल फावड्यावर हनुवटी टेकून उभी होती.

"ही चोरी आहे," तो म्हणाला.

"पाणी माझं, चोर कोण?" बुरुल म्हणाली. "जा, अक्सकालांना सांग."

आणि हा शहाणा खरंच गेला. देवाच्या घरातला न्याय मागायला नमाज पढणाऱ्या म्हाताऱ्यांकडे. सगळं गाव दुकानाजवळच्या विलोच्या झाडाखाली जमलं. मीही गेले. अशी मेजवानी कोण सोडतं?

इशेनबायने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "बुरुलने ते पाणी आपल्या घोडीला पाजलं असतं, तर तुला चाललं असतं?"

"घोडी मंडळीची सभासद नाही," कोर्नेलियस म्हणाला.

म्हातारे दाढ्यांत हसले. इशेनबाय हसला नाही. "तर तुझा नियम असा, की जो देवाला जास्त आवडता तो पुढे, आणि जो पापी तो मागे."

"हो."

"तुझं शेत कितवं आहे?"

"दुसरं. पाळकांच्या नंतर."

"टीनाच्या याकोबला वर्ष झालं, त्या प्रार्थनेला मी तुमच्या प्रार्थनाघरात आलो होतो. तू गुडघे टेकून रडत होतास. म्हणत होतास, प्रभू, सगळ्या पाप्यांत मी पहिला. आठवतं?"

"तसं आम्ही सगळेच म्हणतो."

"सगळ्यांचं जाऊ दे. तू म्हणालास ते खरं होतं का खोटं?"

माझा मेव्हणा कधी खोटं बोलला नाही, हे मी आधीच सांगितलंय. त्याच्या मानेवर लाल डाग उठले.

"खरं होतं," तो म्हणाला.

"मग शपथेवर सांग, तू टीनापेक्षा नीतिमान आहेस."

"आम्ही शपथ घेत नाही."

"माहीत आहे. तुमच्यात हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही, तेवढं पुरतं. मग तेवढंच सांग. आहेस का?"

हो म्हटलं तर गर्व, आणि गर्वाला आमच्यात दुआपेक्षा मोठी शिस्त लागते. नाही म्हटलं तर सगळा क्रमच कोसळतो. कोर्नेलियसने टोपी काढली, पुन्हा घातली.

"नाही," तो म्हणाला.

"मग पाप्यांत पहिला तो पाण्यात शेवटचा," इशेनबाय म्हणाला. "नियम तुझाच आहे, कोर्नेय. आम्ही काही नवीन सांगत नाही."

दुसरा कोणी असता तर हसून बाजूला झाला असता आणि जुना क्रम चालू केला असता. पण हा कोर्नेलियस टेव्स. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. त्याने टीनामावशीला तिच्या जुन्या जागी आणलं, बाकी सगळ्यांना आणलं, आणि स्वतःचं शेत पाटाच्या शेपटाला टाकलं. साराने आठवडाभर त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याला ते बहुधा कळलं नाही. त्याचा राजमा पिवळा पडत गेला, आणि तो इतरांची दारं मोडत, वळवत, त्याच शेताच्या कडेने रोज जायचा. त्याच्याकडे बघायचा नाही. मला त्याची कीव आली, हे मी कबूल करते, आणि त्याबद्दल अजून मला स्वतःचा राग येतो.

टीनामावशीची पुढची पाळी आली. अर्ध्या सऱ्या भिजल्या, आणि तिने आपल्या बांधाला कोर्नेलियसच्या शेताच्या बाजूने खोरं घातलं. तो धापा टाकत आला.

"टीना, तुझा बांध फुटलाय."

"फुटला नाही. फोडलाय."

"हे नियमात बसत नाही. मी शेवटचा आहे."

"पाट तुझा, कोर्नेलियस. पाळी माझी," ती म्हणाली. "सर बाजूला, बूट भिजतायत."

तो सरला नाही. बुटात पाणी जाईपर्यंत तिथेच उभा राहिला, आणि फावडं हातात असून त्याने ते दार बंद केलं नाही. मंडळीतल्या कोणी त्याला असं नियमाविरुद्ध उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

शरदात सुगीचा उपकारस्तुतीचा रविवार आला. प्रार्थनाघरात पुढे भोपळे, सफरचंदं, कणसं, आणि मोठ्या मनाने आणलेला राजमा. कोर्नेलियसची टोपली अर्धी होती, टीनामावशीचीही अर्धी. पाळकांनी योग्य समयी पाऊस देणाऱ्या देवाचे आभार मानले. त्या उन्हाळ्यात एक थेंब पडला नव्हता, पण प्रार्थना जुनी आहे, ती बदलायची कोणी?

मग प्रभुभोजन. पेला बाकामागून बाक फिरला. मागच्या बाकाशी कोर्नेलियस क्षणभर थांबला, आणि नियमाप्रमाणे पुढे गेला. माझ्या जिभेवर एक चांगला शब्द आला होता, तो मी तशा जागी गिळला. तो पेला घेऊन पुढे मेजाशी आला. आमच्यात सेवक सगळ्यांत शेवटी पितो आणि पेला रिकामा करतो. पेला रिकामा झाल्याशिवाय शेवटची प्रार्थना नाही, आणि प्रार्थनेशिवाय जेवण नाही. स्वयंपाकघरातून बोर्श्टचा, आमच्या कोबीच्या सुपाचा, वास येत होता.

"घ्या, बंधू," पाळक म्हणाले.

"माझी पाळी नाही," कोर्नेलियस म्हणाला. "मी टीनाच्या मागे आहे."

"तिच्यावर शिस्त आहे."

"माहीत आहे. तक्रार मीच केली होती. तिला मिळाल्याशिवाय माझ्यापर्यंत येत नाही."

पाळकांनी हळू आवाजात त्याला समजावलं. मग जरा मोठ्या आवाजात. हा पेला धरून उभाच. बाकांवर चुळबुळ सुरू झाली. बोर्श्ट आटत होतं. शेवटी पाळकांनी घसा साफ केला आणि म्हणाले की मंडळीची इच्छा असेल तर भगिनी युस्टिनाची शिस्त उठवता येईल. ज्यांची संमती असेल त्यांनी हात वर करावे.

सगळ्यांत आधी साराचा हात वर गेला. मग माझा. मग हळूहळू सगळं प्रार्थनाघर हात वर करून बसलं. हात वर केले म्हणून म्हातारीला शिक्षा देणारी हीच मंडळी.

पश्चात्तापाचं तिला कोणी पुन्हा विचारलं नाही. कोर्नेलियस मागच्या बाकापर्यंत चालत गेला. टीनामावशीने शाल बाजूला ठेवली, दोन्ही हातांनी पेला घेतला, एक घोट प्यायली आणि पेला त्याच्या हातात परत दिला. मग तिने तळवे उघडले आणि सावकाश चेहऱ्यावरून फिरवले. पाळक यान्सेन छताकडे बघत होते. छताला नुकताच रंग दिला होता.

मग कोर्नेलियसची पाळी आली. पाटाच्या शेपटाचा माणूस पाण्याला जसा बघतो, तसं त्याने पेल्यात आधी वाकून पाहिलं, काही उरलंय का ते.