दुखण्यावर नाव

विल्सन पेटीत होता. पेटी उचलायला पोरं वाकली होती, आणि क्रुसाकडची मावशी माझ्या कानाशी येऊन विचारत होती, "हे कुणाच्या नावाने देतेस?"

मी तिच्याकडे पाहिलंही नाही. माझा एकुलता एक मुलगा आदल्या सकाळी वाडीत केळींना पाणी लावायला गेला, ओल्या हाताने पंपाची वायर धरली आणि तिथेच पडला. सून पेटीला धरून रडत होती. मला रडू येत नव्हतं. पंप कुणी बंद केला की नाही, एवढंच डोक्यात होतं.

मावशीचं घर आमच्या आळीतल्या क्रुसाला लागून, म्हणून क्रुसाकडची मावशी. नात्याने ती कुणाचीच नव्हती. तिची एक खोड होती. अंगात कुठेही दुखलं की ते दुखणं ती कुणाच्या तरी नावाने देवाला देऊन टाकायची. गुडघा धरला की म्हणायची, "आजचा गुडघा वालीवला कारखान्यात दिवसभर उभ्या राहणाऱ्या पोरींसाठी." पायात खिळा गेला तो एव्हरशाईनच्या इमारतींतल्या लोकांसाठी, त्यांच्या वरच्या मजल्यांवर पाणी चढत नाही म्हणून.

"तुझा पाय सुजला म्हणून त्यांची मोटर चालणार काय?" मी विचारलं.

"मोटर त्यांनी बघावी. मी पाय दिला."

ही खोड तिला मुलीपायी लागली. मुलगी जन्मापासून अंथरुणाला खिळलेली. तिचं हगणंमुतणं, भरवणं, सगळं मावशी करायची. एकदा तिने फादरना विचारलं, या लेकराने कुणाचं काय वाईट केलं? फादर म्हणाले, येशूने क्रुसावरचं दुःख आपल्यासाठी दिलं, तूही तुझं त्याच्यात मिसळून दे, वाया जाणार नाही. 'वाया जाणार नाही' एवढं मावशीने पक्कं धरलं. पण नाव सांगितल्याशिवाय ते कुणाला पोचवायचं हे देवाला कसं कळणार, असं तिच्या डोक्यात बसलं. देवाला सगळं माहीत असतं, असं फादरनी समजावलं. तर म्हणते, "फादर, नवरानवरी समोर बसलेली असतात, तरी आहेराच्या पाकिटावर आपण त्यांचं नाव घालतोच ना?"

मुलगी वारली तेव्हा विल्सन माझ्या पोटात होता आणि मला रक्त जात होतं. मुलीला पुरून मावशी तशीच माझ्या घरी आली. म्हणाली, "हे मी तुझ्या पोटातल्याच्या नावाने दिलं." विल्सन धडधाकट जन्मला. मी त्या दोन गोष्टींचा संबंध लावला नाही. तिने लावला. दर वाढदिवसाला त्याच्या कपाळावर क्रूस काढून जायची.

म्हणून त्याची माती झाल्यावर ती पुन्हा आली, तेव्हा मी तिला सोडलं नाही. "तुझी मुलगी त्याच्या नावाने दिलीस ना? मग हे काय झालं?"

मावशी ओट्यावर टेकली. मग म्हणाली, "मला नाही माहीत."

"तरी देत बसणार?"

"मग काय करू? घरात ठेवू?"

"मी ठेवणार," मी म्हटलं. "माझं एवढंच उरलंय. कुणाला देणार नाही."

ती उठून गेली. पुढे कधीतरी भेटली की हळूच विचारायची, "ठरलं का गं?" मी नाही म्हणून मान हलवायची. मी भात शिजवत होते, चर्चमध्ये मिस्साला जाऊन मागच्या बाकावर बसत होते, पण आत काही हलत नव्हतं. मावशीही आता गुडघा धरून कुणाचं नाव सांगेनाशी झाली. मला वाटलं, म्हातारी झाली, विसरते.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. तिचं कुणी नव्हतं आणि माझ्याकडे वेळ होता, म्हणून मी जायला लागले. अंग पुसायचं, चादर बदलायची, पेज भरवायची. प्रेमाने करत होते असं म्हणणार नाही. हात चालत होते. दुखायला लागलं की ती खाटेची पट्टी धरायची आणि ओठ हलवायची. एकदा मी विचारलं, "आज कुणाच्या नावाने?"

"तुझ्या."

"आणि काल?"

"विल्सन गेल्यापासून सगळं तुझंच."

मला राग आला. "मी मागितलं होतं का?"

"आहेर कुणी मागतं का गं?" ती म्हणाली, आणि पेजेसाठी तोंड उघडलं.

पहिल्या पावसाआधीच ती गेली. अंघोळ मीच घातली. पेटी उचलायला पोरं वाकली तेव्हा माझ्या कानाशी कुणी आलं नाही. मावशी गेल्याचं दुःख मी आपणहून सुनेच्या नावाने दिलं. विल्सनमागे तीच वाडीत एकटीने पंप लावते. रडू तेव्हाही आलं नाही.

विल्सनचं दुःख अजून माझ्याकडेच आहे. ते कशासाठी होतं, मला माहीत नाही. मावशीलाही माहीत नव्हतं. मावशी गेली, विल्सन गेला. मी जगले.