आप्पाच्या मडक्यातली पोटुशी

आप्पा गेल्याचा निरोप कणकवलीहून सकाळच्या एस्टीने आला. त्याला आता महिना झाला. थोरल्या भावावर लिहायला बसले, तर आधी एक कबुली द्यावी लागेल, म्हणून इतके दिवस हात आखडत होता...

पूर्वी आप्पा जामसंड्याच्या शाळेत शास्त्र शिकवायचा. चिऱ्यांच्या ढिगाखाली एक काळाकभिन्न प्राणी निघे, मागे नांगीऐवजी चाबकासारखा दोरा. लोक तो दिसताक्षणी ठेचत. आप्पा त्याला तळहातावर घेई आणि म्हणे, "ह्यो इंचू न्हय गो, कोळ्याचो चुलतभाव." पाय आठच, पण पुढचे दोन नुसते चाचपडायला. विष नाही; फार छळलं तर आंबलेल्या माडीच्या वासाचा फवारा मारील, इतकंच. आई कपाळाला हात लावी : ह्याची सोयरीक बघायची, तर हा इंचवांची नाती जुळवतोय!

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले, तेव्हा त्याने मडक्यात माती भरून एक मादी ठेवली होती. ती पोटाखाली अंडी धरून बिळात बसली होती. पिल्लं किती होतात ते मोजून तो आपल्या जुन्या प्राध्यापकांना कळवणार होता. वर्षभर त्याला तोच ध्यास. मध्येच शाळेच्या कामासाठी त्याला आठ दिवस कणकवलीला जावं लागलं. जाताना बजावून गेला, "पोरां पाठीर चढापर्यंत ती कायएक खायत नाय. उपाशी रवांदे. मडक्याक हात लावू नको."

पण आमच्याकडे पोटुशीला उपाशी ठेवत नाहीत. आई मला दर दोन तासांनी काहीतरी भरवत होती आणि ती बापडी तिथे मातीत... चौथ्या दिवशी मला राहवेना. काडीने बीळ उकरलं, आत झुरळ सोडलं. ती बिथरली, अंडी खाली पडली. दुसऱ्या दिवशी अंडी सुकून गेली होती.

आप्पा परतल्यावर मी सांगितलं, मुंगळे शिरले. तो बराच वेळ मडक्यापाशी बसला. मग म्हणाला, "मडकां पाण्यात ठेवूक व्हया होतां. चुकी माझीच." प्राध्यापकांना पत्र गेलं नाही. पुन्हा त्याने मादी पाळली नाही. मी भित्री होते, दुसरं काय. खरं सांगायला मला पुढे कितीतरी वर्षं मिळाली होती.

परवा कणकवलीला वहिनीकडे गेले. साखरेचा डबा, तुपाची बरणी, गुळाचं मडकं, सगळं पाणी घातलेल्या ताटल्यांत उभं. वहिनी सांगत होती, लग्नापासून त्यांची हीच शिस्त. शेवटच्या आजारातसुद्धा रोज विचारायचे, पाणी घातलंस ना?

गुळाखालची ताटली कोरडी पडली होती. तांब्या घेतला आणि तीत पाणी ओतलं.